देवसिंगचा काचकागद

श्रीकृष्ण घारफळकरांनी केलेल्या वस्तूवर बोट फिरवलं आणि बोटाला काही खुपलं, असं अख्ख्या यवतमाळात कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. कचेरीत तेहतीस वर्षं पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी घरामागच्या पडवीत चालायची. सागवानाच्या तुकड्यांतून त्यांनी देवळं केली, धरणाचे दरवाजे केले, नॅरोगेजचं इंजिन केलं, आणि प्रत्येक वस्तू इतकी घासली की माशी बसली तर घसरावी. त्यांच्याकडे विलायती कानशींचा संच होता, नंबरवार काचकागद होते, आणि त्या संचाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सुमेधाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाहुण्यांना सांगायच्या की लग्नात यांनी माझा हात हातात घेतला तेव्हाही आधी खरखरीत आहे का ते पाहिलं.

सन दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मात्र हा माणूस चार दिवस नीट जेवला नाही. गावातल्या एका संस्थेनं कापसाचं छोटं संग्रहालय काढायचं ठरवलं होतं. तिचे तरुण व्यवस्थापक क्षितिज पांढरीपांडे यांनी घारफळकरांना रेच्याची प्रतिकृती करायला सांगितली. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. एक चामड्याचा रूळ फिरतो, त्याला चिकटून एक स्थिर पातं असतं आणि समोर एक हलतं पातं. रूळ कापसाचे तंतू ओढून नेतो, पाती सरकीला अडवून खाली पाडतात. घारफळकरांनी उत्साहाच्या भरात पत्रातच लिहून टाकलं की प्रतिकृती चालती असेल, उद्‌घाटनाच्या रविवारी पाहुण्यांसमोर ती कापूस पिंजून दाखवेल. पिंजणं आणि सरकी काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. कापसाच्या जिल्ह्यात जन्म गेला, पण जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. सगळं काम एका जुन्या पुस्तकातल्या आकृतीवरून केलं होतं.

चार महिने खपून रेचा तयार झाला. दीड हात लांब, सागवानी चौकट, पितळी दांडा, पोलादाची पाती. रुळावर त्यांनी चामडं चढवलं आणि आठ दिवस बारीक, आणखी बारीक, त्याहून बारीक काचकागद मारून ते असं चकचकीत केलं की त्यात चेहरा दिसावा. रुळाला चिकटलेल्या पात्याला अशी धार लावली की कागद नुसता टेकवला तरी चिरला जावा. मग शेजाऱ्यांच्या शेतातला मूठभर कापूस आणून त्यांनी दांडा फिरवला. रूळ गरगर फिरला आणि कापूस त्याच्यावर आरामात बसून राहिला. एक तंतू आत गेला नाही. त्यांनी कापूस दाबून पाहिला, ओला करून पाहिला, रूळ उलटा फिरवून पाहिला. कापूस आपला जागच्या जागी.

दुसऱ्या कुणाला ही एवढी मोठी गोष्ट वाटली नसती. पण दिवाळीपासून घारफळकरांचा उजवा हात कापत होता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, सुमेधाताईंना नव्हतं. सुमेधाताईंना ते चहाच्या कपावरून कळलं होतं. ही आपली शेवटची वस्तू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटची वस्तू चालली नाही तर आधीच्या सगळ्या वस्तूंचं काय, असा एक वेडा प्रश्न त्यांच्या मनात येऊन बसला होता आणि तो काही केल्या जात नव्हता.

गुरुवारी सकाळी त्यांनी रेचा चादरीत गुंडाळला आणि आर्णीची एसटी धरली. आर्णीला एक जुनं जिनिंग आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. होतं खरं, पण फाटकाला कुलूप होतं. दोन हंगामांपासून तिथे कापसाची गाडी आली नव्हती. भाव पडले, खरेदी आखडली, आसपासच्या गावांचा कापूस लांबच्या नव्या कारखान्यांत जाऊ लागला आणि मालकानं जुन्या यंत्रांवर पाणी सोडलं. आत खाकी स्वेटर घातलेला एक साठीकडे झुकलेला माणूस खुर्चीवर बसला होता. तो राखणदार होता, नाव देवसिंग राठोड, राहणार जवळच्याच तांड्यावर. राखणदार तो दोन वर्षांचा. त्याआधी छत्तीस वर्षं याच जिनिंगचा फिटर होता.

घारफळकरांनी आपलं काम सांगितलं, तेही जरा साहेबी थाटात. देवसिंगनं कुलूप काढलं. आत अठरा रेचे एका ओळीत उभे होते आणि वर लाकडी तुळयांवर जुनी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, धुरासारखी अडकून होती. देवसिंग मोठ्यानं बोलायचा, कारण एवढी वर्षं या अठरा यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली होती. आता सगळं थंड होतं तरी सवय गेली नव्हती. कोणत्या रेच्याचं काय दुखणं होतं ते त्यानं चालता चालता सांगितलं. सातव्याचं पातं उन्हाळ्यात ढिलं पडायचं. अकरावा नवा रूळ लवकर खायचा. हा कुरकुरला की मी जेवत असलो तरी मले समजे, असं तो एका यंत्रावर हात ठेवून म्हणाला. घारफळकरांनी ऐकल्यासारखं केलं आणि चादर सोडली.

देवसिंगनं प्रतिकृतीकडे बराच वेळ पाहिलं. चौकट पाहिली, दांडा पाहिला, सांधे पाहिले, आणि मान डोलावली. मग रुळावर तळहात ठेवला आणि तो हसू दाबायला लागला.

"साहेब, काम लई देखणं हाय तुमचं. पण हा रूळ नाई, आरसा हाय. आरशाले कापूस कायले धरन?"

तेहतीस वर्षांत घारफळकरांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तावातावानं सांगितलं की या चामड्यावर सहा नंबरांचे काचकागद फिरले आहेत. तेच तर चुकलं, असं देवसिंग शांतपणे म्हणाला. रूळ खरखरीत पाहिजे, आणि नुसता खरखरीत नाही तर तिरप्या रेघेनं खरखरीत, म्हणजे तो तंतूला धरतो आणि बाजूला सरकवत नेतो. मग कोणता कागद आणायचा, कुठल्या नंबरचा, असं घारफळकरांनी खिशातून वही काढत विचारलं. आणायचा नाही, घरी आहे, असं म्हणून देवसिंगनं रेचा सायकलच्या कॅरिअरवर बांधला. घारफळकर सायकलमागून चालत तांड्यावर गेले. आपली वस्तू दुसऱ्याच्या सायकलवर जातेय आणि आपण मागून चाललोय, हे त्यांना फार लागलं.

देवसिंगच्या घरात भिंतीतल्या फळीवर बैलांची एक रांग होती. अकरा बैल, प्रत्येक वीतभर, बाभळीच्या लाकडाचे, पाठीवर गोण्या लादलेले. देवसिंगच्या आज्याच्या काळात तांडे असे बैलांवर माल लादून मुलखामुलखांत फिरायचे. नातवंडांनी ते पाहिलेलं नाही म्हणून त्यानं फावल्या वेळात हे केले होते. घारफळकरांनी शिष्टाचार म्हणून एक बैल उचलला आणि सवयीनं त्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. त्यांनी शिंगांच्या मधल्या बेचक्यात नख घातलं, तिथेही गुळगुळीत. कानाच्या आत, गोणीच्या दोरीखाली, खुरांच्या फटीत, सगळीकडे तसंच. बाभळीसारखं हट्टी लाकूड इतक्या आत जाऊन कुणी घासू शकतं हे त्यांना खरं वाटेना. त्यांच्या विलायती संचातली सर्वांत बारीक कानस त्या कानात शिरली नसती. ते खाली बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच साहेबी आवाज सोडून विचारलं, "देवसिंगभाऊ, इथे हात कसा पोचला तुमचा?"

देवसिंगनं कोपऱ्यातून तेलाचा जुना डबा ओढला. त्यात त्याची हत्यारं होती आणि त्यांतलं एकही दुकानातलं नव्हतं. वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या होत्या, टोकाला चिरलेल्या. चिरेत काचकागदाची पट्टी अडकवून गुंडाळली की भोकात घालून फिरवायची. हवाई चपलेच्या तळाचे चौकोन होते, त्यांवर कागद चिकटवलेला. रबर दबतं म्हणून गोलाईवर छान बसतं. सायकलचे आरे होते, सरस लावून खरीत, म्हणजे काचेच्या भुकटीत, लोळवलेले, ते झाले गोल कानस. फुटक्या प्लास्टिकच्या बांगडीचा अर्धा तुकडा आतल्या बाकासाठी. छत्रीची काडी फटींसाठी. बांबूच्या कामटीला वाकवून, दोन टोकांत खर लावलेली चिंधीची पट्टी ताणून केलेली एक धनुकली. कपडे वाळवायचे चिमटेसुद्धा होते, त्यांच्या जबड्यांना आतून कागद, म्हणजे कड दोन्ही बाजूंनी एकदम घासली जावी. घारफळकर एकेक वस्तू उचलून उजेडाकडे धरत होते आणि परत ठेवायला विसरत होते.

जिनिंगमध्ये मालक महिन्याला हातभर घासायचं एमरीचं कापड द्यायचा आणि अठरा यंत्रांची पाती सांभाळायची असायची, असं देवसिंगनं सांगितलं. मागून मिळत नव्हतं, म्हणून करायला शिकलो. पण खर करायला मी नाही शिकलो, ते हिचं, असं म्हणून त्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

लालीबाई दारात बसून काचा कुटत होती. फुटक्या बांगड्या आणि बाटल्यांचे तुकडे, पाणी शिंपडून, नाकाला पदर बांधून. कुटलेलं ती आधी जाड कापडातून गाळायची, मग जुन्या ओढणीतून. ओढणीतून पडलेलं तांब्याभर पाण्यात ढवळायची, हळू आवाजात वीसपर्यंत मोजायची आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या तांब्यात ओतायची. पहिल्याच्या तळाशी बसलं ते जाड. दुसऱ्यात पन्नासपर्यंत मोजून बसलं ते मध्यम. तिसऱ्या तांब्यात दुपारपर्यंत जे बसतं ते पिठासारखं. कारखान्यात ज्याला नंबर म्हणतात तो ही बाई पाणी ढवळून आणि आकडे मोजून काढत होती. घारफळकरांच्या वहीत त्या दिवशी एक ओळही लिहिली गेली नाही. ते नुसते बघत राहिले.

संध्याकाळच्या एसटीनं ते परत गेले आणि रेचा तांड्यावर राहिला. सुमेधाताईंना हे सांगितल्यावर त्या हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या, कारण या माणसानं स्वतःच्या मेव्हण्यालासुद्धा कधी कानस दिली नव्हती.

शुक्रवारी ते पुन्हा तांड्यावर आले तेव्हा त्यांचा आठ दिवस घासलेला रूळ ओरबाडलेला होता. अरुणावती नदीच्या पात्रातली जाड वाळू चपलेच्या तुकड्याला लावून देवसिंगनं चामड्यावर तिरप्या रेघा ओढल्या होत्या, एकसारख्या, एकाच उताराच्या. घारफळकरांना वाटलं, हा माणूस माझ्या शेवटच्या वस्तूचं वाटोळं करून बसलाय. देवसिंगनं कापसाचा एक पुंजका रुळावर ठेवला आणि त्यावर जोरानं फुंकर मारली. पुंजका हलला नाही. आता धरला, असं तो म्हणाला आणि त्यानं दांडा फिरवला.

आणि रुई आली. एका बाजूनं कापूस आत गेला, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या धुक्याचा पातळ पडदा खाली उतरू लागला. चार महिने ज्याची वाट पाहिली ते घारफळकरांच्या डोळ्यांदेखत होत होतं. झालं, जमलं, आता मी रविवारी घेऊन जातो, असं ते म्हणू लागले.

लालीबाईनं वीस हंगाम रेच्यावर कापूस लावला होता. तिनं खाली पडलेल्या सरक्या ओंजळीत घेतल्या, एकेक चिमटीत धरून पाहिली आणि नवऱ्याला गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी सांगितलं. देवसिंगनं दांडा सोडला. घारफळकरांनी काय झालं विचारल्यावर लालीबाईनं त्यांच्यापुढे ओंजळ धरली. निम्म्या सरक्या चिरल्या होत्या.

"सरकी फुटून राह्यली भाऊ. असा रेचा आमी चालू देत नवतो. बंद करत होतो."

प्रतिकृती आहे ही, पाहुणे काही सरकी बघणार नाहीत, असं घारफळकर म्हणाले. त्या दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर खोडरबरानं रेघ दहा वेळा पुसणारा मी, आणि आज हे मी म्हणालो, असं त्यांना वाटलं आणि त्यांची मान खाली गेली.

खोट पात्यात होती. नाव पातं म्हणून घारफळकरांनी त्याला चाकूसारखी धार लावली होती. रेच्याचं पातं कापत नाही, ते फक्त अडवतं. त्याची कड बोथट आणि तरी तलम लागते. हे देवसिंगनं मोठ्या यंत्रावर शेकडो वेळा केलं होतं, पण हे पातं इतकं बारीक होतं की त्याच्या जाड बोटांत ते मावेना. त्यानं ते लालीबाईकडे दिलं.

तिनं आधी आपल्या फेटियाची, म्हणजे भरतकाम केलेल्या घागऱ्याची, कड पुढे ओढून घारफळकरांना त्यावरचे आरसे दाखवले. बाजारातले आरसे तयार गोल मिळतात, पण फुटलेल्या काचेचे तुकडे वाया घालवायचे नाहीत म्हणून ती ते खापरीनं कुरतडून स्वतः गोल करायची. आरशाची कड तशीच ठेवली तर दोन धुण्यांत धागा कापते आणि आरसा गळून पडतो. म्हणून ती कड मोडायची असते, इतकीच की धाग्याला कळू नये. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं.

मग तिनं पऱ्हाटीच्या काडीच्या चिरेत चिंधी घातली, तिसऱ्या तांब्यातलं पीठ तिला लावलं आणि पात्याच्या कडेवरून ती काडी एकाच दिशेनं नेऊ लागली. दाब जवळजवळ नव्हताच. मधूनमधून ती शिवणाचा एक धागा पात्याच्या कडेवर आडवा ताणून ओढून पाहायची. धागा तुटला की पुन्हा घासणं. दुपार झाली, देवसिंगनं भाकरी वाढली, तिनं एका हातानं खाल्ली. घारफळकरांनी आपल्या आयुष्यात किती तास घासण्यात घालवले असतील, पण दुसऱ्याला घासताना ते इतका वेळ कधी बसले नव्हते. त्यांना त्या काडीच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. देवळात उभं राहिल्यावर जे वाटायला हवं असं लोक म्हणतात, ते त्यांना त्या ओसरीत वाटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा धागा तुटायचा थांबला. पातं बसवलं, देवसिंगनं दांडा फिरवला, लालीबाईनं कापूस लावला. रुई उतरली आणि सरक्या टपटप खाली पडल्या. लालीबाईनं त्यांतली एक घारफळकरांच्या तळहातावर ठेवली. ती अख्खी होती, अंगावर थोडी लव, कुठे ओरखडासुद्धा नाही.

"आता पेरली तरी उगवन," ती म्हणाली.

घारफळकरांनी एवढंच सांगितलं की रविवारी तुम्ही दोघांनी यायचं, नाहीतर मी हा रेचा नेत नाही.

रविवारी देवसिंग धुतलेल्या सदऱ्यात आला आणि लालीबाई आरशांच्या फेटियात. संग्रहालयाच्या खोलीत पन्नासेक माणसं होती. क्षितिज पांढरीपांडे प्रतिकृतीकडे बघून खूश झाले. चौकट, सांधे, पितळ, सगळ्याची तोंडभरून स्तुती केली. मग त्यांचं बोट रुळावर गेलं आणि ते थबकले. वाकून त्यांनी पात्याची कड पाहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण आदरानंच, ते म्हणाले, "काका, इथलं पॉलिश राहून गेलं का? आणि पात्याला धार लावायची राहिली वाटतं."

हे वाक्य नवऱ्याला कुणी ऐकवलं तर काय होतं ते सुमेधाताईंना ठाऊक होतं. घारफळकरांनी कापरा हात खिशातून बाहेर काढला आणि तो लपवायचा प्रयत्न न करता देवसिंगच्या खांद्यावर ठेवला.

"राहून गेलेलं नाही. रूळ या देवसिंग राठोडांनी केलाय आणि धार या लालीबाईंनी मोडलीय. मी जन्मभर बेचाळीस वस्तू केल्या, क्षितिज, आणि सगळ्या नुसत्या गुळगुळीत केल्या. काम करणारी ही एकच आहे आणि ती यांची आहे."

तोवर देवसिंगनं दांड्याला हात घातला होता आणि लालीबाईनं पहिला मूठभर कापूस लावलासुद्धा होता.